सामता, गिरमिट आणि भिंतीवरचे ड्रिल

एखादा माणूस एकच विषय धरून सारखा मागे लागला, तर आपण वैतागून म्हणतो, ‘काय डोक्याला गिरमिट लावलंय!’ हा वाक्प्रचार घरोघरी आहे. पण ज्या हत्यारावरून तो आला, ते गिरमिट आज किती घरांत सापडेल? पडद्याची दांडी बसवायची असो वा स्वयंपाकघरातली मांडणी, विजेचे ड्रिल घेऊन एक तरुण येतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि अर्ध्या मिनिटात काम संपते. विजेपूर्वी हे काम कसे होत असे, हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एम. कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. यंत्रांशी माझा संबंध तारणापुरता. परंतु भोसरी, चिंचवड आणि चाकण या परिसरात कर्जविभागाचे काम करताना लहान कारखानदारांच्या गाळ्यांतून मला पुष्कळ हिंडावे लागले. हाताने चालणाऱ्या ड्रिलची ओळख मला तेथेच झाली आणि पुढे तिचे रूपांतर आवडीत झाले. त्या ओळखीतून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

भोक पाडण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. धारदार टोक फिरले पाहिजे आणि फिरताना ते खाली दाबले गेले पाहिजे. नुसते फिरले तर ते पृष्ठभागावर घासत राहते. नुसते दाबले तर रुतते किंवा मोडते. जगात हाताने चालणारी जेवढी ड्रिल झाली, त्यांच्यातला फरक एवढाच, की फिरवायचे कसे आणि दाबायचे कसे, या दोन प्रश्नांना प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले.

सर्वांत जुन्या उत्तरांपैकी एक म्हणजे आपल्या सुतारांचा सामता. एक उभा लाकडी दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पोलादी पाते आणि वरच्या टोकाला सैल फिरणारी मूठ. दांड्याभोवती कामठ्याच्या दोरीचा एक वेढा दिलेला असतो. डाव्या हाताने मूठ दाबून धरायची आणि उजव्या हाताने कामठा करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. दांडा अडीच सेंटीमीटर जाडीचा असेल, तर त्याचा परीघ सुमारे आठ सेंटीमीटर भरतो. म्हणजे कामठा ४८ सेंटीमीटर ओढला, की दांड्याचे सहा फेरे होतात. परतीच्या ओढीत तेवढेच फेरे उलट दिशेने. म्हणून सामत्याचे पाते दोन्ही दिशांनी खरवडेल असे, चपटे आणि दुधारी घडवलेले असते. आजच्या पिळाच्या बिटाप्रमाणे ते लाकूड कापून बाहेर फेकत नाही. ते खरवडून भुसा करते. त्यामुळे मधूनमधून थांबून भोक मोकळे करावे लागते. वेग थोडा, पण हत्यार इतके साधे, की मोडले तर सुतार तेथल्या तेथे नवे करून घेई.

या हत्याराची वंशावळ फार मागे जाते. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या शेतकरी वस्तीत अकीकासारख्या कठीण दगडाचे मणी मिळाले. मणी म्हटला की त्याला वेज आलेच. मोहेंजोदडोच्या काळातील कारागीर तर तांबड्या अकीकाच्या दहा सेंटीमीटरपेक्षा लांब मण्यांना आरपार वेज पाडत असत आणि अशा एका मण्याला कित्येक दिवस लागत. गुजरातेत खंबायत येथे अकीकाचे मणी कामठ्याच्या ड्रिलने वेजण्याची परंपरा आपल्या काळापर्यंत चालत आली आहे. तेथे पात्याच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कणी बसवतात. मोती आणि जवाहिरांच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या आपल्या समाजातील घरांना वेजाचे महत्त्व सांगायला नको. मणी किंवा मोती दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा वेजून मध्यावर मिळवायचा, ही युक्ती त्या कारागिरांची. एकाच बाजूने आरपार गेले, तर बाहेर पडताना टवका उडण्याची भीती असते. ही युक्ती लक्षात ठेवावी; ती पुढे लाकडातही भेटणार आहे आणि ही भीती लोखंडातही.

सामत्याला दाब लागतो. गिरमिटाला तो जवळजवळ लागतच नाही. गिरमिटाच्या टोकाला स्क्रूसारखे बारीक आटे असतात. आडवी मूठ दोन हातांनी पिळली, की हे आटे लाकडात शिरतात आणि मागच्या धारेला आपल्याबरोबर आत ओढतात. ज्याच्या डोक्याला ‘गिरमिट’ लागते त्याचा अनुभवही असाच असतो. ते एकदा शिरले, की स्वतःच आत आत जाते! याच तत्त्वावरचे सुधारलेले हत्यार म्हणजे ब्रेस. मधोमध मोठा बाक असलेला लोखंडी दांडा, वर छातीने किंवा तळव्याने दाबण्याचा लाकडी गोळा आणि खाली बिट धरणारा चक. बाकातली मूठ धरून ती गोल फिरवायची. नेहमीच्या ब्रेसच्या मुठीचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते. अर्धा इंची बिट लावला, तर मुठीची त्रिज्या पाच इंच आणि भोकाची त्रिज्या पाव इंच. म्हणजे हाताचा जोर धारेपाशी वीसपट होऊन पोहोचतो. त्या बदल्यात वेग मिळत नाही. हाताचा एक फेरा, तो बिटाचाही एकच फेरा. जमाखर्चाचा नियम यंत्रशास्त्रातही तसाच आहे. जोराच्या बाजूला जे जमा होते, ते वाटचालीच्या बाजूला खर्ची पडते आणि ताळेबंद नेहमी जुळतो.

ब्रेसच्या बिटाची रचना पाहण्यासारखी आहे. मधले आटे ओढून घेतात, कडेच्या दोन बारीक नख्या लाकडाचे तंतू गोलाकार कापतात, त्यामागून येणाऱ्या दोन धारा आतला भाग सालीसारखा उचलतात आणि पीळ तो कीस वर आणून टाकतो. बिटाच्या मानेवर बहुधा एक आकडा कोरलेला असतो. तो इंचाचे सोळावे भाग सांगतो. ८ म्हणजे अर्धा इंच, १२ म्हणजे पाऊण. आरपार भोक पाडताना मधल्या आट्यांचे टोक मागच्या बाजूला दिसू लागले, की थांबायचे, फळी उलटायची आणि त्या इवल्या छिद्रावर टोक ठेवून दुसऱ्या बाजूने काम पुरे करायचे. तशी फळी फुटत नाही. मोती वेजणाऱ्याची युक्ती ती हीच.

लोखंडाची गोष्ट निराळी. तेथे भोके लहान आणि फेरे अधिक लागतात. म्हणून दातांच्या चाकाचे हातड्रिल आले. बाजूला एक मोठे दातेरी चाक, त्याला मूठ, आणि त्या चाकात अडकलेले एक लहान चाक चकाच्या दांड्यावर. मोठ्या चाकाचे दात लहान चाकाच्या चौपट असतील, तर हाताच्या एका फेऱ्यात बिट चार फेरे घेतो. येथे ब्रेसचा हिशेब बरोबर उलटा होतो. जोर देऊन वेग घ्यायचा. त्यामुळे पाव इंचापलीकडचे भोक या ड्रिलने पाडणे म्हणजे मनगटाची परीक्षा. त्याहून मोठ्या कामासाठी छातीचे ड्रिल असे. त्याच्या वरच्या टोकाला वक्राकार पत्रा बसवलेला असतो. त्यावर छाती टेकून शरीराचा भार द्यायचा आणि दोन्ही हात फिरवण्यासाठी मोकळे ठेवायचे. या हत्यारांना लागणारा पिळाचा बिट अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांच्या १८६३ च्या पेटंटनंतर सर्वत्र पसरला. विजेचे पहिले ड्रिल १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे निघाले. परंतु आपल्या गावांतील लोहारांच्या आणि सुतारांच्या हातांपर्यंत वीज पोहोचायला त्यानंतर कितीतरी काळ गेला. तोवर ही हत्यारेच प्रपंच चालवत होती.

सर्वांत भारदस्त असते ते भिंतीवरचे ड्रिल. बिडाचा उंच सांगाडा भिंतीला किंवा लाकडी खांबाला बोल्टने आवळलेला. बाजूला फिरवण्याचा दांडा, दातेरी चाकांची जोडी, आणि एकदा गती आली की ती टिकवून धरणारे जड फ्लायव्हील. यातली खरी करामत मात्र डोक्यावर असते. फिरणाऱ्या आसावर एक उंचवटा बसवलेला असतो. प्रत्येक फेऱ्याला तो एक तरफ उचलतो, तरफेच्या टोकाचा खटका वरच्या दातेरी चकतीला एक-दोन दात पुढे ढकलतो आणि त्या चकतीतला स्क्रू बिटाला तेवढाच, केसभर, खाली सरकवतो. म्हणजे दाबण्याचे कामही यंत्रच करते. माणसाने फिरवत राहावे. लोहाराच्या भात्याशेजारी अशी ड्रिले असत. नांगराच्या पट्ट्या, बिजागऱ्या, फाटकांचे कोयंडे यांची भोके त्यांवर पडत.

असे एक ड्रिल मी प्रथम चालताना पाहिले ते भोसरीच्या एका गाळ्यात, २००९ साली. त्या भेटीचे कारण सुखाचे नव्हते.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक जीवनाचा पाया १९५४ मध्ये पिंपरीत आलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने घातला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर त्यावर इमारत उभी राहिली. मोठे वाहन कारखाने आले आणि त्यांच्यामागे त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान गाळे आले. या गाळ्यांचे निम्मे जगणे भोकांवर चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पट्टी कापायची, वाकवायची, भोके पाडायची आणि पाठवायची. २००८ च्या जागतिक मंदीचा फटका या साखळीच्या शेवटच्या कडीला सर्वांत आधी बसला. ज्या गाळ्याविषयी मी सांगतो आहे, त्याच्या मालकाच्या मागण्या दोन महिन्यांत थांबल्या, हप्ते थकले आणि अखेर नजरतारण यंत्रांचा ताबा घेण्याची वेळ आली. ते काम माझ्याकडे होते.

यादीत एक लेथ, दोन विजेची ड्रिलिंग यंत्रे, एक पॉवर प्रेस आणि एक ग्राइंडर होते. माल उचलण्यासाठी आलेल्या ठेकेदाराची नजर मात्र भिंतीकडे गेली. तेथे काळेकुट्ट, तेलाने मऊ झालेले हाताचे ड्रिल होते. “हे पण घ्या की साहेब, बीड आहे, वजनात चांगलं भरेल,” तो म्हणाला. मालक इतका वेळ गप्प होते. लेथ हलली तेव्हाही ते काही बोलले नव्हते. आता ते उठले आणि ड्रिलच्या पुढे जाऊन उभे राहिले. वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून ते घेतले होते. गाळ्याला विजेची जोडणी मिळण्याआधी पहिले दीड वर्ष धंदा त्याच्यावरच चालला होता. एवढेच त्यांनी सांगितले. मागितले काहीच नाही.

मी करारासोबतची यादी पुन्हा वाचली. ते ड्रिल त्यात नव्हते. ताळेबंदातही नव्हते, घसारा आकारून संपलेले नव्हे, तर कधी नोंदलेलेच नव्हते. जे तारण नाही, त्यावर बँकेचा अधिकार नाही. मी पंचनाम्यात स्वतंत्र ओळ लिहिली : ‘भिंतीवरील हाताने चालणारे ड्रिल, नग १, तारणात समाविष्ट नाही, मालकाच्या ताब्यात.’ ठेकेदार हसला. दयेचा यात काही भाग नव्हता. नियम तसाच होता. परंतु नियम लागू करताना मन हलके व्हावे, असे प्रसंग नोकरीत थोडेच येतात.

ट्रक यायला उशीर होता. मालकांनी एक पट्टी घेतली, खूण केली, सेंटर पंचने खड्डा मारला, पट्टीखाली लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ती पक्की आवळली. ढिली राहिली तर बिट तिला फिरवतो आणि बोटे कापतात, हे त्यांनी सांगितले. तेलाचे दोन थेंब सोडले. मग मला म्हणाले, “साहेब, फिरवून बघा. जोर लावू नका. नुसतं एका लयीत फिरवत राहा, खाली जायचं ते तेच बघतंय.” मी फिरवू लागलो. वर खटका टिक टिक वाजत होता आणि बिटाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाचे दोन कुरळे तंतू बाहेर येत होते. “दोन्हीकडून सारखा कीस येतोय ना? म्हणजे धार बरोबर लावलीय. एकाच बाजूनं आला, तर भोक मोठं होतं.” काही वेळाने दांड्यात अचानक कणकण जाणवली. त्यांनी लगेच हात पुढे करून खटका उचलला. “आता टोक बाहेर पडतंय. इथं यंत्रावर सोडायचं नाही. इथं बिट झडप घालतो आणि मोडतो. शेवटचं हातानं.” वरचे चाक त्यांनी चिमटीत धरून अगदी हळू फिरवले आणि बिट आवाज न करता आरपार गेला. पट्टीच्या मागे बर जवळजवळ नव्हतीच. ती पट्टी त्यांनी मला दिली. यादीत तीही नव्हती!

घरी येऊन मी त्या कामाचा हिशेब मांडला, कारण हिशेबाशिवाय मला गोष्ट नीट कळत नाही. सहा मिलिमीटरच्या बिटाचा परीघ सुमारे १९ मिलिमीटर. हाताचे मिनिटाला ७५ फेरे आणि चाकांची चौपट धरली, तर बिटाचे ३०० फेरे होतात. म्हणजे धार एका मिनिटात साडेपाच-सहा मीटर लोखंड कापत जाते. विजेच्या यंत्रावर हायस्पीड स्टीलचा बिट साध्या पोलादात मिनिटाला २५ ते ३० मीटर चालवतात. हाताचे काम चार-पाच पटींनी मंद. परंतु या मंदपणाची एक जमा बाजू आहे. मंद धार तापत नाही आणि न तापलेल्या धारेचे पाणी उतरत नाही. घाईत लाल झालेला बिट जुन्या कार्बन पोलादाचा असेल, तर तो कायमचा मऊ पडतो. हाताने चालवलेला बिट मात्र पुनःपुन्हा धार लावून वर्षानुवर्षे वापरता येतो. दुसरी जमा बाजू हिशेबात मांडता येत नाही. भोक आता कोठवर आले, धातूत गाठ आहे काय, टोक कधी बाहेर पडणार, या सगळ्या वार्ता दांड्यातून तळव्याला मिळत राहतात. विजेच्या यंत्रातही त्या असतात. मोटारीच्या जोरात त्या बुडून जातात, एवढेच.

त्या मालकांची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. पुढच्या काही महिन्यांत, विजेचे बिल थकल्याने जोडणी तुटलेल्या त्याच गाळ्यात, ते आणि त्यांचा मुलगा भिंतीवरच्या ड्रिलवर फाटकांच्या बिजागऱ्या आणि पाण्याच्या टाक्यांचे क्लॅम्प करत राहिले. एक फिरवी, दुसरा पट्ट्या बदली. त्यातून घर चालले; कर्ज त्यातून फिटणे शक्य नव्हते. ते पुढे मागण्या पुन्हा सुरू झाल्यावर, एकरकमी तडजोडीने मिटले. मुलाचा आता चाकणजवळ स्वतःचा कारखाना आहे. तेथे संगणकावर चालणारी यंत्रे मिनिटाला कितीतरी भोके पाडतात. भिंतीवरचे ड्रिल तेथेही आहे, शोभेसाठी नव्हे. आयटीआयमधून आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात त्याच्यावर भोके पाडावी लागतात आणि टोक बाहेर पडण्याचा क्षण ज्याला हाताने ओळखता येतो, त्यालाच मोठ्या यंत्रापाशी उभे करतात. मुलाचे म्हणणे असे, की या मुलांच्या हातून बिट कमी मोडतात आणि यंत्राचा आवाज बदलला की ते आधी थांबतात, मग विचारतात. वडील २०२१ साली गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ड्रिलची मूठ नवी दिसली. शिसवीची, हाताने घडवलेली. ती वडिलांनी अखेरच्या वर्षी बसवली होती.

बँकेत आम्ही यंत्राची पुस्तकी किंमत दरवर्षी कमी करत नेत असू आणि ते योग्यच होते. धातू झिजतो, नवी यंत्रे येतात. परंतु ज्या मालमत्तेने एक धंदा दोनदा उभा केला, तिची आमच्या कोणत्याही रकान्यात कधी नोंद नव्हती, ही गोष्ट मी पुढच्या नोकरीत विसरलो नाही. कर्जाच्या प्रस्तावावर मत देताना यंत्रांची यादी वाचून झाली, की मी अर्जदाराला एक प्रश्न विचारत असे : यातले कोणते यंत्र तुम्ही स्वतः चालवता? उत्तर ऐकताना मी हातांकडे पाहत असे.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी, माळ्यावर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत, एखादे गिरमिट, ब्रेस किंवा दातांच्या चाकाचे हातड्रिल पडलेले असण्याचा संभव आहे. ते भंगारात किलोवर जाण्यापूर्वी एकदा उतरवून पाहावे. गंज रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि पितळी ब्रशने निघतो. दातांत साठलेली जुनी मळी काढून हलके तेल द्यावे. चक अडला असेल तर पकडीने पिळू नये, तेल सोडून रात्रभर ठेवावा. लाकडी मुठीला जवसाचे तेल पुरते. लाकडात भोक पाडताना तेल नको, पोलादात थेंबभर हवे, बिडात कोरडेच चालवावे. शेगड्यात वस्तू पक्की धरल्याशिवाय सुरुवात करू नये. मग नातवंडांपैकी कुणाला तरी मूठ द्यावी आणि टोक बाहेर पडेपर्यंत स्वतः काही बोलू नये. पहिला बिट बहुधा मोडेल. तीन मिलिमीटरच्या बिटाची किंमत चहाच्या दोन-तीन कपांएवढी; तो खर्च आनंदाने सोसावा.